‘बाताव्हिया’चें बंड : एक साक्षीविचार

जहांगीरकालीन आग्र्याचा वृत्तांत लिहिणारा फ्रान्सिस्को पेल्सार्ट मोगल इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. १६२९ च्या जूनांत त्याच्याच हुकमतीखालील ‘बाताव्हिया’ हें डच जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेस खडकावर फुटलें. तो मदतीसाठीं होडींतून जावेस गेला. मागें बेटांवर कोर्नेलिसच्या टोळीनें शेंकडों निराधारांची कत्तल मांडिली व शंभरांहून अधिक जीव घेतले. कत्तल निःसंशय, पुढें सांपडलेले घावांचे सांगाडेच साक्ष देतात. परंतु बंडाचा कट जहाज फुटण्यापूर्वींच शिजला होता, हें मुख्यतः पेल्सार्टच्या रोजनिशीवरून मानिलें जातें. तींतील जबान्या पाण्याच्या छळानें वा त्याच्या धाकानें घेतलेल्या. चौकशी करणारा तोच, आणि माणसें टाकून गेल्याचा जाब कंपनीस देणेंही त्यालाच प्राप्त! एवढ्यावरून, ती होडी सुखरूप जावेस नेणाऱ्या कप्तान याकोब्सला कटवाला ठरविणें आम्हांस मान्य नाहीं.