पणाला लावलं कोणी, हरलं कोण?

कॉरमॅक मॅकार्थीची 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' ही कादंबरी २००५ साली आली आणि २००७ मध्ये कोएन बंधूंनी तिच्यावर सिनेमा केला. आपल्यापैकी बहुतेकांनी सिनेमाच पाहिलाय, निदान त्यातला पेट्रोल पंपावरचा सीन तरी. अँटन शिगर नावाचा मारेकरी म्हाताऱ्या पंपवाल्यासमोर नाणं उडवतो आणि छापा की काटा विचारतो. काय पणाला लागलंय हे त्या बिचाऱ्याला कळतही नाही. या सीनमुळे ही गोष्ट शिगरची आणि नशिबाची, असं आपण धरून चालतो. कादंबरी वाचल्यावर मला वाटलं, यातला खरा जुगारी दुसराच आहे. (पुढे शेवट सांगितलाय. वाचायची असेल तर आधी वाचून या.)

गोष्ट १९८० मधली, टेक्सास-मेक्सिको सीमेवरची. लुएलिन मॉस हा व्हिएतनामहून परतलेला वेल्डर. शिकारीला गेलेला असताना त्याला ड्रग्जच्या फिसकटलेल्या सौद्याची जागा सापडते. गोळ्यांनी चाळण झालेल्या गाड्या, प्रेतं आणि थोडं पुढे २४ लाख डॉलर्सनी भरलेली बॅग. तो बॅग घेऊन घरी येतो. बायको कार्ला जीन विचारते, यात काय आहे? पैसे आहेत, असं तो खरंच सांगून टाकतो. तिला ती थट्टा वाटते.

तिथे एक जखमी माणूस पाणी मागत होता. मॉसला चैन पडत नाही, म्हणून रात्री तो पाणी घेऊन परत जातो. तिथे कार्टेलची माणसं येतात, गाडी सोडून पळावं लागतं आणि त्या गाडीवरूनच त्याचा माग लागतो. चोरी पचली असती, दया नडली.

पुढे शिगर फोनवर मॉसला सौदा सांगतो: पैसे आणून दे, तू वाचणार नाहीस, पण बायकोला सोडेन. मॉस नकार देतो. उलट मीच तुला गाठतो म्हणतो. माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात मोठा डाव हाच. पंपवाला निदान नाण्यासमोर उभा होता. इथे जीव कार्ला जीनचा आणि ती फोनवरसुद्धा नाही.

हा डाव आपल्या ओळखीचा आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलं होतं, स्वतःला आधीच हरलेला माणूस मला पणाला कसा लावतो? भीष्मालाही धड उत्तर देता आलं नव्हतं. मॉसचं बायकोवर प्रेम नाही असं नाही. दोघांच्या नोकझोकीत ते दिसतं. पण 'मी निभावून नेईन' या त्याच्या खात्रीत तिला विचारायला जागाच नाही.

शेवटी मॉस मेलाय, पैसेही परत पोचलेत. तरी शिगर कार्ला जीनकडे येतो, कारण तिच्या नवऱ्याला शब्द दिला होता. सिनेमात ती छापा-काटा बोलायला ठाम नकार देते. कादंबरीत ती आधी नकार देते, मग छापा म्हणते. काटा पडतो.

सिनेमातला नकार बाणेदार आहे, पण मला कादंबरीतलं जास्त खरं वाटतं. शिगरला नुसतं मारायचं नाहीये. समोरच्याने डावात भाग घेतला, असंही दाखवायचं आहे. ती त्याला सुनावते की नाण्याचं नाव पुढे करू नकोस, ठरवणारा तूच आहेस. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हे जरा जास्तच लागलं. 'सिस्टिमने रिजेक्ट केलं' हे वाक्य आमच्याकडे रोजचं. पण नियम कोणीतरी बसून लिहिलेला असतो. रँडम नंबर काढायचा, हेसुद्धा कोणीतरी ठरवलेलं असतं. शिगरचं नाणं असंच आहे.

कादंबरीत खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. शेरीफ बेलची जमाना बिघडल्याची स्वगतं पारावरच्या आजोबांसारखी लांबतात. पण त्याच बेलकडून कळतं की दुसऱ्या महायुद्धात तो साथीदारांना मागे सोडून निघून गेला होता आणि वर त्यालाच पदक मिळालं. सिनेमाने हे गाळलं, ते चुकलंच. कारण आपल्या निर्णयाचं ओझं नशिबावर न ढकलणारा या गोष्टीतला पुरुष तो एकटाच.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. कार्ला जीनच्या वाट्याला पानं फार कमी आलीत. ती बॅग ठेवावी की नाही, हे मॉसने तिला विचारलं नाही. मॅकार्थीनेही विचारलेलं नाही.