खमंग आणि कुरकुरीत : पाकिटातल्या फराळाची एक तपासणी

नांदेडच्या बसस्थानकाजवळच्या कुठल्याही टपरीवर थोडा वेळ उभे राहावे. लहान मूल बोट दाखवून ‘कुरकुरे’ मागते आणि टपरीवाला जे देतो ते बहुतेक वेळा कुरकुरे नसतेच. मक्याच्या पिठाच्या फुगवलेल्या नळ्यांचे दुसरेच कुठले तरी पाकीट असते. मुलाची तक्रार नसते. पेप्सिकोने ‘कुरकुरे’ 1999 साली बाजारात आणले. त्याआधी आपल्याकडे पदार्थ कुरकुरीत असायचा, म्हणजे तो त्याचा एक गुण असायचा. आता गुणाचेच नाव पदार्थाला पडले आहे. भाषेत असे होतच असते, त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. पण या एका शब्दाने आपल्या जिभेवरची इतर किती विशेषणे मागे सारली, हे पाहण्यासाठी मी गेली काही वर्षे पाकिटे विकत घेतो, खातो आणि वहीत लिहून ठेवतो. मी अन्नतंत्रज्ञ नाही. जे शिकलो ते पुस्तके आणि पाकिटांच्या मागची बाजू वाचून.

मराठीत खाण्यावर लिहिलेले कमी नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910चे, कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ 1970चे. दुर्गाबाई भागवतांनी तर पुस्तकाचे नावच ‘खमंग’ ठेवले. ही पाककृतींची आणि आठवणींची परंपरा मोठी आहे. मात्र विकत आणलेला पदार्थ समोर ठेवून, तो कसा आहे आणि तसा का आहे, असे विचारणारे लेखन माझ्या वाचनात फारसे आले नाही. नाटकाची, कादंबरीची समीक्षा आपण करतो. घरातले प्रत्येक माणूस रोज ज्याला तोंड लावते त्या पाकिटाची मात्र जाहिरातच तेवढी होते.

अन्नशास्त्राकडे चव तपासण्याचे साधन आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात 1976पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांना नऊ पायऱ्यांची पट्टी माहीत असते : ‘अतिशय आवडले’पासून ‘अतिशय नावडले’पर्यंत. ही पट्टी अमेरिकी लष्करासाठी तयार झाली, सैनिकांना कोणते जेवण रुचते हे कळावे म्हणून. कामाची गोष्ट आहे. पण ती आवड मोजते. पदार्थ कसा आहे ते सांगत नाही. वर्णनाच्या वेगळ्या पद्धती त्या शास्त्रातही आहेत, पण त्यांची परिभाषा इंग्रजी. आपल्या घरात ती परिभाषा आधीपासूनच पडून आहे. शंकरपाळे खुसखुशीत, कारण पिठात मोहन असते. पापड कुरकुरीत. चिवडा सादळतो, चकली वातड होते, शेंगदाणा खवट निघतो. पहिले चार शब्द दातांचे, शेवटचा नाकाचा. आणि ‘खमंग’ हाही नाकाचाच : भाजताना, तळताना, फोडणी देताना जो वास उठतो आणि घास तोंडात गेल्यावरही नाकात राहतो, त्याचा.

मागच्या दिवाळीत लातूरला आक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, चिवड्याच्या तीन वाट्या मांडल्या. एकीत मोठ्या कंपनीच्या पाकिटातला, दुसरीत गल्लीतल्या गृहउद्योगाचा, तिसरीत आक्काने घाण्यावरच्या करडईच्या तेलात केलेला. कुठली वाटी कुणाची ते सांगितले नाही. गुण द्यायचे नाहीत, शब्द द्यायचे, एवढीच अट. याला संशोधन म्हणायचे धाडस मी करणार नाही. खाणारे सगळे घरचेच. पण पाकिटातल्या चिवड्याला सगळ्यांनी पहिला शब्द ‘कुरकुरीत’ दिला आणि ‘खमंग’ कुणीही म्हटले नाही. गृहउद्योगाच्या चिवड्याला ‘तिखट’ मिळाला, पाठोपाठ ‘तेलकट’. घरच्याला भाच्याने वास घेऊनच ‘खमंग’ म्हटले, आणि मग पाकिटाच्याच वाटीत पुन्हा हात घातला.

तो हात मला महत्त्वाचा वाटतो. मराठीत चव ‘असते’ आणि चटक ‘लागते’. पाकिटामागचे आकडे वाचले तर 627 आणि 631 अनेकदा जोडीने भेटतात. हे चव वाढवणारे पदार्थ आहेत. स्वतःची वेगळी चव फारशी न दाखवता इतर चवींना उठाव देतात. त्यात वरून भुरभुरलेले मीठ, साखर आणि सायट्रिक आम्ल, म्हणजे 330. मसाला पदार्थाच्या आत मुरलेला नसतो, पृष्ठभागावर बसलेला असतो, म्हणून जिभेला तो सर्वांत आधी भेटतो आणि लवकर संपतो. पुढचा घास घ्यावासा वाटतो. पाकिटातल्या शेवेत मला बेसनाची चव शोधावी लागते. मसाल्याची बोटांवरच राहते.

मग खमंगपणा जातो कुठे? माझ्या मते याचे मोठे उत्तर तेलात आहे, आणि ते मराठवाड्याला लागू पडणारे उत्तर आहे. आपल्याकडचे जुने तळण करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलातले. परभणीच्या विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिले. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर, साधारण तीन चतुर्थांश. असे तेल हवेशी लवकर मिसळते आणि खवट होते. पाकीट मात्र महिनोन्‌महिने दुकानात लटकणार असते. पामोलीन त्या मानाने खूप टिकते, स्वस्त पडते आणि स्वतःचा वास देत नाही. पाकिटात नायट्रोजन भरतात तोही याचसाठी, प्राणवायू दूर राहावा आणि माल चुरडू नये म्हणून. खवटपणा टाळण्यासाठी केलेली ही निवड आहे आणि ती यशस्वी झालेली आहे, हे मान्य करावे लागते. आक्काच्या डब्यातल्या चिवड्याला पंधरवड्यानंतर किंचित वास येऊ लागला होता. पाकिटातला तोवर जसाच्या तसा होता. उघडे राहिलेले पाकीट तेवढे दुसऱ्या दिवशी सादळले.

जाता जाता : ज्या लातूरच्या बाजारात 2024च्या हंगामात सोयाबीनला 4,892 रुपयांचा हमीभावही मिळेना, त्याच शहरात मी घेतलेल्या बहुतेक पाकिटांवर ‘पामोलीन’ लिहिलेले होते, जे मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाहून येते. सोयाबीनचे तेलही तितके टिकाऊ नाही, म्हणून दोष केवळ आयातीला देता येत नाही. करडईचे क्षेत्र तर आधीच घटले आहे. काट्यांमुळे काढणीला माणसे मिळत नाहीत.

गोडाचेही असेच. धाराशिवच्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या खव्याचा पेढा चार दिवसांत खाऊन संपवावा लागतो. त्यामुळे दिवाळीत कचेऱ्यांमधून घरोघर फिरतो तो सोनपापडीचा डबा. तिच्यात पाणी जवळजवळ नाही, साखर आणि तूप किंवा वनस्पती भरपूर, ती टिकते. तिचे तलम तंतू जिभेवर विरतात ही तिची खरी कारागिरी, आणि ताज्या सोनपापडीत ती जाणवते. डब्यातली बहुतेकदा गठ्ठा होऊन येते आणि गोडमिट्ट लागते.

कारखान्यातच जन्मलेल्या पदार्थांना मात्र ही फूटपट्टी लावू नये. पार्ल्याचा ग्लुकोज बिस्कीट किंवा रावळगावची गोळी यांची घरगुती आवृत्ती कधी नव्हतीच, त्यामुळे त्यांची तुलना त्यांच्या स्वतःच्या भूतकाळाशीच होऊ शकते. रावळगावची नाममुद्रा 2024 साली 27 कोटींना रिलायन्सकडे गेली. गोळी चघळायची आहे की चावायची, हे तिच्या कठीणपणावर ठरते. नव्या मालकीत तो कठीणपणा टिकतो का, हे वहीत लिहून ठेवण्याजोगे आहे. ‘पूर्वीची चव राहिली नाही’ हे वाक्य अशा ठिकाणी तपासता येते. घरच्या चिवड्याबद्दल आपण ते नुसतेच म्हणतो.

हे सगळे आक्काला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘तुला खमंग पायजे नं? मग तूच बस की कढईपुढं. चाळीस वर्सं बसले मी.’’ माझ्याकडे यावर उत्तर नव्हते. गल्लीतला गृहउद्योग चालवणाऱ्या बायकांनाही फराळाच्या ऑर्डरी मिळतात त्या कढईपुढे बसायला वेळ नसलेल्या घरांतूनच, आणि त्या बायकाही पामोलीनच वापरतात, कारण करडईच्या तेलात हिशेब बसत नाही. माझ्या वहीत ‘तेलकट’ हा शब्द त्यांच्या नावावर लिहिलेला आहे. त्याच्या पुढे मी आता तेलाचा भावही लिहितो.

यंदा कढईपुढे मी बसलो. करडईचे तेल घाण्यावरून आणले, शेंगदाणे तळले, डाळवं टाकलं, कढीपत्ता घातला. तेल जरा जास्तच तापले असावे. आक्काने पहिला घास घेतला आणि माझ्याच अटीप्रमाणे एक शब्द दिला : ‘‘करपट.’’