क्रोध, क्षमा आणि 'स्मृतिचित्रे'

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. साधी बोली, निर्मळ विनोद आणि प्रांजळपणा या गुणांची वाखाणणी होते, ती योग्यच आहे. परंतु आपल्या समाजात या ग्रंथाचा दाखला बहुधा सोशिक पत्नीचा आदर्श म्हणून दिला जातो. हे वाचन आम्हांला अपुरे वाटते; किंबहुना ते ग्रंथावर अन्याय करणारे आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक थोर कवी आणि भक्त होते, तसेच शीघ्रकोपीही होते. क्षणात भडकावे, घर सोडून चालू लागावे आणि तितक्याच सहजतेने विरघळावे, हा त्यांचा स्वभाव लक्ष्मीबाई कोठेही झाकत नाहीत. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या काळातील आपला आकांतही त्या लपवत नाहीत. स्वतःचा हट्ट आणि तिखट जीभ यांनाही त्यांनी सूट दिलेली नाही. सोशिकपणा म्हणजे मौन असेल, तर हा ग्रंथ सोशिक नाही.

मग त्यात ख्रिस्ती असे काय आहे? मार्कलिखित शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करतो. त्यापूर्वी तो सभोवतालच्या लोकांकडे रागाने पाहतो आणि त्यांच्या कठोर अंतःकरणामुळे खिन्नही होतो. राग आणि खेद येथे एकत्र नांदतात, आणि त्यांच्यामागून येते ती बरे करणारी कृती. संत थॉमस अक्विनास यांनीही क्रोधमात्राला पाप ठरविले नाही. विवेकाला धरून असलेला राग त्यांनी मान्य केला आणि जेथे रागावणे उचित तेथे मुळीच न रागावणे हा दोष मानला.

लक्ष्मीबाईंची लेखणी या वाटेने जाते. टिळक १९१९ साली निवर्तले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. उत्तर द्यायला समोर कोणी नसताना जुने हिशेब चुकते करणे सोपे होते. लक्ष्मीबाईंनी घडलेले सांगितले, पण सूड घेतला नाही. त्यांचा विनोद जखम नाकारत नाही, फक्त तिला विषारी होऊ देत नाही. कृपा म्हणतात ती हीच असावी. क्वचित हा विनोद इतक्या लगबगीने पुढे येतो की दुःखाची खोली वाचकाच्या नजरेतून निसटते, एवढी उणीव मात्र आम्हांला जाणवते.

हे सांगण्याचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. राग आवरण्याचा उपदेश आपल्या घरांतून आणि व्यासपीठांवरून बहुतेक वेळा वधूलाच होतो. वराच्या वाट्याला तो क्वचित येतो. त्या उपदेशाला लक्ष्मीबाईंचे नाव जोडणे म्हणजे त्यांच्याकडून सत्य काढून घेऊन केवळ सहनशीलता शिल्लक ठेवणे होय. ज्याचा राग इतरांना भोगावा लागतो, त्याने हा ग्रंथ आधी वाचावा.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनीच. ज्या हाताने टिळकांचा कोप निर्भीडपणे लिहून ठेवला, त्याच हाताने त्यांचे महाकाव्यही पुढे लिहिले. क्षमेवरचे याहून समर्थ भाष्य मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आम्हांला आढळलेले नाही.