सरकपट्टीवरचा माग

शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या स्प्रेडशीट आता अनेक शाळांत वापरल्या जातात. भिवंडीतील एका शाळेत आम्ही अशीच एक वर्कशीट पाहिली. विषय गावातलाच होता : यंत्रमागावर तासाला किती कापड निघते? वर्कशीटवर तीन सरकपट्ट्या होत्या. एक मागाच्या वेगाची, दुसरी पिकची (कापडाच्या एका इंचात पडणारे आडवे धागे) आणि तिसरी कार्यक्षमतेची. पट्टी सरकवली की उत्तर आणि आलेख लगेच बदलत. मुले रमली होती. तरीही या वर्कशीटविषयी थोडे परखडपणे लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रथम जमेची बाजू. माग मिनिटाला १५० पिक टाकत असेल आणि इंचाला ५० पिक हवे असतील, तर मिनिटाला ३ इंच, म्हणजे तासाला १८० इंच किंवा ५ वार कापड निघेल. धागा तुटणे, कांडी बदलणे यांत वेळ जातो. म्हणून कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ४ वार, म्हणजे सुमारे ३.६६ मीटर. हे गणित वर्कशीट बिनचूक करते. पट्ट्याही हाताने काढलेल्या नाहीत. एक्सेलमध्ये १९९३ साली आलेल्या व्हीबीए भाषेतील छोटी आज्ञावली पट्टी काढते, ती सेलच्या मापात बसवते, तिला किमान-कमाल मर्यादा देते आणि एका सेलशी जोडते. साधी ‘फॉर्म कंट्रोल’ पट्टी ० ते ३०,००० यांमधील पूर्णांकच देते. अपूर्णांक हवा असेल तर शेजारच्या सेलमध्ये १० किंवा १०० ने भागावे लागते. हे सारे शिक्षकांनी नीट सांभाळले आहे.

आता उणिवा. पिकची पट्टी ० वर नेली की उत्तर ० येते. खरे तर तेथे शून्याने भागाकार होतो. एक्सेलची चूक दिसू नये म्हणून सूत्रात ० लिहून ठेवला आहे. पण वेग १५० आणि कार्यक्षमता ८० टक्के असताना १ पिकला उत्तर सुमारे १८३ मीटर आणि लगेच पुढे ०! ही उडी का, हा प्रश्न मुलांना पडायला हवा होता. आडवा धागाच नसेल तर कापड कसले? तेथे सूत्राचा अर्थच संपतो. चूक झाकल्यामुळे शिकण्याची उत्तम जागाही झाकली गेली.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एका मुलाने वेग आणि कार्यक्षमता या दोन्ही पट्ट्या टोकाला नेल्या. शेजारचा मुलगा म्हणाला, “असं होत नाही. स्पीड वाढवला की धागा जास्त तुटतो.” त्याच्या घरी माग आहेत. पडद्यावर स्वतंत्र दिसणाऱ्या या दोन राशी मागावर एकमेकींत गुंतलेल्या असतात. पट्टी वेगळी म्हणून राशी वेगळी, असा समज वर्कशीट नकळत करून देते. ज्या गावात अनेकांची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते, तेथे हा समज साधा नाही. कापड कमी निघाले तर दोष कामगाराचाच, असे मग सहज वाटू लागते.

तिसरी बाब व्यवहाराची. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ पासून ऑफिसमध्ये आपोआप अडवले जाऊ लागले. ‘ॲक्टिव्हएक्स’ बटणे ऑफिस २०२४ पासून मुळातच बंद ठेवलेली असतात. म्हणून आज्ञावलीने फॉर्म कंट्रोल पट्ट्या काढून घ्याव्यात आणि वाटण्याची प्रत मॅक्रोविना साध्या वर्कबुकच्या रूपात साठवावी. सेलशी जोडलेल्या पट्ट्या तरीही चालतात.

आमची सूचना एवढीच. पट्टी शेवटी द्यावी. आधी मुलांनी सूत्र वहीत मांडावे, दोन उत्तरे हाताने काढावीत आणि जमल्यास एखाद्या मागाजवळ तासभर उभे राहून धागा किती वेळा तुटतो ते मोजावे. त्या नोंदींवरून वेग आणि कार्यक्षमता यांचा संबंध वर्कशीटमध्ये घालावा. मग तीन पट्ट्यांच्या जागी दोनच उरतील, आणि वर्कशीट खऱ्या मागाच्या अधिक जवळ जाईल.