काल आणि लक्षण : फ्लुओरेसन्सच्या व्याख्येचे परीक्षण

उद्दीपक प्रकाश थांबताच मावळते ती दीप्ती म्हणजे फ्लुओरेसन्स आणि मागे रेंगाळते ती फॉस्फोरेसन्स, ही व्याख्या वर्गांतून अद्याप ऐकू येते. लक्षणविचाराच्या दृष्टीने तिची परीक्षा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१८५२ साली स्टोक्स यांनी ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव फ्लुओरस्पार ह्या खनिजावरून बनविले. त्यात कालाचा निर्देश नाही. पुढे एडमंड बेकरेल यांच्या फॉस्फोरोस्कोपने असे दाखविले की, डोळ्याला तत्काळ विझलेली वाटणारी दीप्तीही काही पदार्थांत सेकंदाच्या अल्पांशापर्यंत टिकते. म्हणजे व्याख्येतील ‘थांबताच’ हा शब्द वस्तूचा धर्म सांगत नसून निरीक्षणाच्या साधनाची मर्यादा सांगतो.

कालविभेदी उत्सर्जन-वर्णपटमापनाने ही मर्यादा ओलांडली. ह्या पद्धतीत अत्यल्पकालीन प्रकाशस्पंदाने रेणू उत्तेजित करून ठरावीक विलंबानंतर वर्णपट नोंदवितात. स्थिर प्रकाशातील वर्णपटात सर्व क्षणांची बेरीज होते. येथे प्रत्येक क्षणाचा हिशेब स्वतंत्र मिळतो. इओसिनचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या द्रावणातील तत्क्षणीचा फ्लुओरेसन्स काही नॅनोसेकंदांत ओसरतो. परंतु ऑक्सिजन काढून टाकलेल्या द्रावणाचा वर्णपट विलंबाने टिपला असता दोन पट्टे दिसतात : एक अधिक तरंगलांबीचा, फॉस्फोरेसन्सचा, दुसरा थेट फ्लुओरेसन्सच्याच जागी. पार्कर व हॅचर्ड यांनी १९६१ साली ह्याची मीमांसा केली. ट्रिप्लेट अवस्थेतील काही रेणू उष्णतेच्या साहाय्याने सिंग्लेट अवस्थेत परततात व तेथून प्रकाशतात. दोन्ही पट्टे एकाच गतीने क्षीण होतात. आयुष्य एक, जाती मात्र दोन!

ह्या पुराव्यापुढे रूढ व्याख्या टिकत नाही. तिच्या पूर्वार्धात विलंबित फ्लुओरेसन्स सामावत नाही, ही अव्याप्ती. उत्तरार्धात तोच नको असता शिरतो, ही अतिव्याप्ती. उत्सर्जनात रेणूची स्पिन-बहुलता कायम राहते की बदलते, हे खरे स्वरूपलक्षण होय. काल हे केवळ तटस्थलक्षण. ते ओळख पटविण्यास उपयोगी पडते, स्वरूप सांगत नाही.

पद्धतीचा अभिमानही मर्यादित असावा. तीही तरंगलांबी व काल एवढेच देते. स्पिनविषयीचा निष्कर्ष तापमान आणि ऑक्सिजन यांच्या परिणामांवरून काढावा लागतो. म्हणूनच परिभाषा घडविणाऱ्याने शीघ्रता वा दीर्घता मूळ संज्ञेत गोवू नये. ‘विलंबित’ हे विशेषणच राहू द्यावे. ते फ्लुओरेसन्सला विनाविरोध लावता येते, ह्यातच काल हे त्याचे लक्षण नव्हे, हे सिद्ध होते.