'रानकवी' आणि वाचणारा कवी

ना. धों. महानोर (१९४२–२०२३) यांच्यासंबंधी लिहिताना 'रानकवी' हे विशेषण आपल्या समीक्षेत इतक्या सहजपणे येते की ते तपासून पाहण्याची निकड सहसा कोणाला जाणवत नाही. 'रानातल्या कविता' (१९६७) या पहिल्याच संग्रहाने हा शिक्का पक्का केला. त्यात गौरव आहे, यात शंका नाही. परंतु या गौरवाच्या पोटी एक नकारही दडलेला आहे. रानात कविता 'उगवते' असे एकदा मानले की कवीचे वाचन, निवड, खोडाखोड यांची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. नागर कवीला आपण त्याचे पूर्वसूरी विचारतो, महानोरांना पाऊसपाणी विचारतो!

'वही' (१९७०) हे शीर्षकच या दृष्टीने बोलके आहे. खानदेशाकडील श्रोत्याला वही म्हणजे गाण्याचा एक लोकप्रकार. शाळेत गेलेल्या वाचकाला ती लिहिण्याची वही. महानोरांची कविता या दोन अर्थांच्या मध्ये उभी आहे. 'पळसखेडची गाणी' या संकलनात तर ऐकणारा उघडपणे लिहून घेणारा होतो. ओठांवरचे गाणे कागदावर आणताना त्याच्या अनेक पाठांतून एक पाठ निवडावा लागतो, बोलीतील उच्चारांना लेखनरूप द्यावे लागते. हे काम संपादकाचे आहे, आणि संपादक हा आधी वाचक असतो.

अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याचे फर्दापूर आणि कवीचे पळसखेडे ही एकाच परिसरातली गावे. या परिसरावर त्यांनी लिहिलेल्या 'अजिंठा' (१९८४) या दीर्घकाव्याचा नायक रॉबर्ट गिल हा नकला काढणारा माणूस आहे, ही गोष्ट आपण फार लवकर विसरतो. १८४४ साली नेमणूक झालेला हा लष्करी अधिकारी वर्षानुवर्षे लेण्यांतील चित्रांच्या प्रती करीत राहिला; त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. दुसऱ्याची निर्मिती डोळ्यांत साठवून पुन्हा हाताने उतरवणे ही वाचनाचीच एक पराकोटीची अवस्था नव्हे काय? काव्याचा भर मात्र गिल आणि पारो यांच्या प्रीतीवर आहे. २०१२ च्या चित्रपटाने तो अधिकच गडद केला. माझ्या मते या काव्याची मर्यादाही येथेच आहे: प्रतिकार गिलमध्ये कवीला स्वतःचे जे रूप सापडू शकले असते, त्याला प्रियकर गिलने झाकून टाकले.

आठवणीपर गद्यातही कवी स्वतःविषयी थेट बोलायला नाखूशच दिसतो. 'पु. ल. आणि मी', 'यशवंतराव चव्हाण आणि मी' या शीर्षकांत 'मी' शेवटी येतो, तोही कोणाच्या तरी सोबतीने. वाङ्मयीन जीवन म्हणजे माणसांचा सहवास, अशी ही धारणा आहे. ती लोभस आहे. पण लेखनाच्या टेबलाशी एकट्या बसलेल्या कवीचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला ती फारसा हात देत नाही. तो शोध संग्रहांतूनच, ओळींच्या घडणीतून घ्यावा लागेल.