नरकातील भेट आणि क्षमेचा प्रश्न

विल्फ्रेड ओवेनची 'स्ट्रेंज मीटिंग' (१९१८) ही कविता बहुधा ख्रिस्ती क्षमाभावाची कविता म्हणून वाचली जाते. लढाईतून निसटल्याचा भास झालेला सैनिक एका खोल भुयारात उतरतो. तेथे पडलेल्यांपैकी एक जण उठून त्याला ओळखतो आणि काल तुझ्याच संगिनीने मारला गेलेला शत्रू तो मीच, असे सांगतो. तेही 'मित्रा' असे संबोधून. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील शत्रुप्रीतीची आज्ञा येथे फळास आली, असे मानण्याचा मोह होतो. संहिता मात्र या वाचनाला साथ देत नाही.

मारणारा क्षमा मागत नाही आणि मेलेला ती देत नाही. मृताचे हात आशीर्वादासाठी उचलल्यासारखे दिसतात, एवढेच. या 'सारखे'कडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. त्याचे दीर्घ भाषण अपराधाविषयी नाहीच. ते न जगलेल्या वर्षांविषयी आणि युद्धाचे जे सत्य त्याच्याबरोबर न सांगताच राहिले, त्याविषयी आहे. वैर गळते ते मृत्यूने. मत्तयातील आज्ञा मात्र जिवंत, छळणाऱ्या शत्रूसंबंधी आहे. मेलेल्या शत्रूवर प्रेम करणे तुलनेने सोपे असते.

पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रात अशा आज्ञांचा संबंध बाह्य कृतीपेक्षा अंतःकरणाच्या वृत्तीशी जोडला. मनात प्रीती आणि हातात शस्त्र ही फोड ख्रिस्ती युद्धविचाराला पुढे शतकानुशतके उपयोगी पडली. ओवेनची कविता ती फोड उलटी करून दाखवते. मृत ओळखतो तो मारेकऱ्याच्या कपाळावरील आठीवरून. मारतानाही ती तशीच होती. अनिच्छा होती ती मरणाऱ्याच्या हातांत. अंतःकरणातील प्रीतीचा पुरावा मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कोठेच नाही. डन्स्डन येथे धर्मगुरूचा साहाय्यक म्हणून काम केलेल्या (१९११–१३) आणि पुढे मिलिटरी क्रॉस मिळवणाऱ्या ओवेनला हा पेच पुस्तकी नव्हता. आपण युद्धविरोधी आहोत, पण आपली सदसद्विवेकबुद्धी डागून बधिर झालेली आहे, अशा आशयाचे त्याने १९१७ साली आईला लिहिले होते. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, तो मारला गेला.

क्षमेचे वाचन रूढ होण्यात बेंजामिन ब्रिटनच्या 'वॉर रिक्विएम'चा वाटा मोठा आहे. १९४० च्या जर्मन बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलशेजारी नवे कॅथीड्रल उभे राहिले, आणि तेथे १९६२ साली पीटर पिअर्स हा इंग्रज आणि डिट्रिख फिशर-डीस्काऊ हा जर्मन, या दोघांनी ही कविता गायली. प्रसंग सलोख्याचा होता. परंतु आपण नरकात उभे आहोत हे निवेदकाला जेथे उमगते, त्या ओळी ब्रिटनने गाळल्या, आणि शेवट लॅटिन प्रार्थनेतील स्वर्गप्रवेशाशी जोडला. संगीतरचना म्हणून त्याचे मोल यामुळे उणावत नाही. मात्र तिच्यातून ओवेन वाचणारा वेगळीच संहिता वाचत असतो.

गाळलेल्या ओळींत 'हॉल' आणि 'हेल' ही जोडी होती. या कवितेची यमके अशीच आहेत: व्यंजने जुळतात, स्वर जुळत नाही, दोन शब्द एकमेकांपाशी येऊन थबकतात. शेवटच्या अर्ध्या ओळीला तर जोडीदारच नाही. ब्रिटनने नेमकी तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेतली आहे.